मावशींचं खरं वजन

पायातलं काढा आधी. हो, तुम्हालाच म्हणतोय. खिशातलं सगळं त्या टेबलावर ठेवा, मोबाइलसुद्धा. आता या. सरळ उभे राहा आणि आकडा बघायला वाकू नका. वाकलात की माझा काटा हलतो, आणि मग नावं मला ठेवता.

मी वजनकाटा बोलतोय. आकड्यांशिवाय मला काही बोलता येत नाही अशी लोकांची समजूत आहे, आणि मीही ती मोडायला गेलो नाही. आज मात्र बोलणार आहे. इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्या डोक्यावर उभे राहिलात, आता थोडा वेळ खाली बसा आणि ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. जाड लोखंडी अंग, त्यावर हिरवा रंग, पाय ठेवायला रबरी पट्टी, काचेखाली गोल तबकडी आणि पोटात एक दणकट स्प्रिंग. माझी पहिली चाचणी घेणारा मिस्त्री चांगला गुटगुटीत होता. तो उभा राहिला, आकडा बघितला आणि म्हणाला, "हाही बिघडलेला निघाला." स्प्रिंग सोडवली, पुन्हा बसवली, पुन्हा उभा राहिला. तोच आकडा. असं तीनदा झालं. मग बिचाऱ्यानं सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवर 'तपासला' असा शिक्का मारला. माणसाची आणि माझी ओळख ही अशी झाली.

पहिली काही वर्षं मी एका व्यायामशाळेत काढली. तिथं मी माणसाचे सगळे नखरे पाहिले. कुणी श्वास कोंडून उभं राहायचं, कुणी एक पाय उचलून. एक गृहस्थ तर रोज घड्याळ काढून ठेवायचे आणि पोट तसंच घेऊन चढायचे. मी हसून हसून लटपटायचो, आणि ते म्हणायचे, "बघा, काटा स्थिर नाही!" पुढं व्यायामशाळा बंद पडली आणि मला एका संशोधन केंद्रात आणलं. जुनी तीन मजली इमारत होती, चाळीस खोल्या आणि प्रत्येक दाराला पितळी बिल्ल्याची जाडजूड किल्ली. मला पहिल्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत, खिडकीखाली जागा मिळाली.

इथलं काम वेगळं होतं. नवं औषध दुकानात येण्याआधी ते काही माणसांना देऊन बघावं लागतं. त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, याचे नियम आधीच लिहून ठेवलेले असतात. तेव्हा गुडघेदुखीच्या एका गोळीचा अभ्यास चालू होता. त्याच्या नियमांत माझ्यासाठी एक ओळ होती: पंचेचाळीस किलोच्या खालच्या माणसाला घ्यायचं नाही. गोळी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे हलक्या अंगाला ती जड जाते. आणखी एक नियम होता, त्याचा माझ्याशी संबंध नव्हता, पण मला तो फार आवडायचा. केंद्रातच काम करणाऱ्याला विचारायचं नाही. का, तर जो आपल्या हाताखाली आहे त्याला 'नाही' म्हणणं अवघड जातं. मला वाटलं, वा, माणसं स्वतःला ओळखतात म्हणायची!

माझी देखभाल सिस्टरकडे होती. रोज सकाळी त्या वीस किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलायच्या, "आई गं" म्हणत माझ्यावर ठेवायच्या आणि मी बरोबर वीस दाखवले की वहीत तारीख घालून सही करायच्या. मला त्याचा राग यायचा. इतकी वर्षं इमानेइतबारे काम केलं तरी रोज सकाळी परीक्षा! पण त्या वहीचे उपकार मला पुढं फेडता येणार नव्हते.

आता त्या माणसाबद्दल सांगतो, ज्याच्यामुळे हे सगळं घडलं. अभ्यासात माणसं जमवायचं काम एका समन्वयकाचं होतं. त्याला सगळे पाठीमागं 'होऊन जाईल' म्हणायचे, कारण तो दुसरं काही बोलायचाच नाही. फॉर्म संपले? होऊन जाईल. माणसं कमी पडताहेत? होऊन जाईल. मनानं वाईट नव्हता हो. दारात आलेल्याला आधी खुर्ची द्यायचा. पण काम उरकायची भारी घाई, आणि घाईत माणसाला समोरचा माणूस दिसत नाही, यादीतला रिकामा रकाना दिसतो.

अभ्यासाला चाळीस माणसं हवी होती. एकोणचाळीस झाली आणि घोडं अडलं. डॉक्टर मॅडम, म्हणजे हा अभ्यास ज्यांचा होता त्या, रोज सकाळी दारातून डोकावायच्या. "चाळिसावं मिळालं का?" सकाळी चाळीस, दुपारी चाळीस. शेवटच्या सोमवारी तर त्या म्हणाल्या, "आज पाचला यादी बंद. एका माणसासाठी वर्षभराचं काम अडकवू नका." सिस्टर त्या आठवड्यात बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. खोलीत होऊन जाईल, मी आणि केर काढणाऱ्या मावशी एवढेच होतो.

मावशी म्हणजे आमच्या इमारतीचा कणा. चाळीसच्या चाळीस खोल्या त्या उघडायच्या, झाडायच्या, पुसायच्या आणि बंद करायच्या. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या निळ्या डगल्याच्या खिशात असायचा. मावशी जिन्यात आहेत हे आम्हाला आवाजावरून कळायचं. अंगानं काडी. रोज माझी काच पुसायच्या आणि पुसताना माझ्याशी बोलायच्याही. "तुझं बरं आहे बाबा, एका जागी उभा. माझे गुडघे बघ." त्यांना जाऊ होती, धाकटी, एकाच घरात राहायच्या दोघी. घरातली सगळी भांडणं मला ऐकून ऐकून पाठ झाली होती.

त्या सोमवारी मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि 'हाय' म्हणाल्या. होऊन जाईलनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला अजिबात आवडलं नाही.

"मावशी, गुडघे दुखतात का हो तुमचे?"

"दुखतात की. वय झालं आता."

"मग आमची गोळी घ्या ना! चांगली आहे. इथं सही करा फक्त."

"काय लिहिलंय, साहेब?"

"नेहमीचंच. होऊन जाईल."

मावशींनी सात पानांकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं, मग हात डगल्याला पुसले आणि सही केली. पुसताना माझ्याशी घटकाभर बोलणाऱ्या बाई तिथं एक शब्दसुद्धा जास्त बोलल्या नाहीत.

मग त्या माझ्यावर उभ्या राहिल्या. चपला घालून, किल्ल्यांसकट. तरी चव्वेचाळीस नऊशे. होऊन जाईलनं तबकडी बोटानं टिचकावली. मला भयंकर राग आला. मग त्यानं मावशींना दोन पेले पाणी पाजलं. "घ्या, उन्हातून आलात." मावशी सकाळपासून इमारतीतच होत्या! पुन्हा चढवलं. पंचेचाळीस तीनशे. त्यानं घाईघाईनं आकडा लिहिला, त्याभोवती गोल केला आणि पळत मॅडमना सांगायला गेला. केंद्रातल्या माणसाचा तो नियम? फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता, त्यात त्यानं लिहिलं, 'गृहिणी'.

मी खोटं बोललो नव्हतो. जेवढं अंगावर होतं तेवढं बरोबर दाखवलं होतं. पण किती लोखंड, किती पाणी आणि किती मावशी, हे सांगायची सोय माझ्या तबकडीत नव्हती. लाज वाटली मला. रोज माझी काच पुसणाऱ्या बाईशी मी असं वागलो.

दोन-तीन दिवसांतच मावशींचं काहीतरी बिनसलं. काच पुसता पुसता त्या थांबायच्या आणि माझ्यावरच्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहायच्या. "गरगरतंय रे," असं हळूच मला म्हणायच्या. गुरुवारी जिन्यात बादली गडगडत गेली. मावशी कठड्याला धरून वाचल्या. वरून कुणीतरी विचारलं, "लागलं का?" तर म्हणतात कशा, "नाही नाही, बादलीच सुटली हातातून." गोळीचं नाव त्यांनी घेतलं नाही. साहेबांनी दिलेली गोळी, तिला वाईट कसं म्हणायचं? मी रोज त्यांचे पाय बघत होतो आणि पुढच्या खेपेला जिन्यावरून खाली कोण येईल, बादली की मावशी, याच विचारानं माझ्या स्प्रिंगला पीळ पडत होता.

पुढच्या सोमवारी सिस्टर परत आल्या. पेढ्याबिढ्यांच्या आधी माझी परीक्षा झाली. वीस किलो, बरोबर वीस. मग आठवड्याच्या तपासणीसाठी मावशींचं नाव पुकारलं. यादीत मावशी बघून सिस्टरच्या भुवया वर गेल्या, पण हात थांबले नाहीत.

"चपला काढा. डगला काढा. किल्ल्या त्या खुंटीला."

"असू देत की किल्ल्या."

"मावशी, मला तुमचं वजन हवंय, इमारतीचं नको."

मावशी चढल्या. मी अंग मोकळं सोडलं आणि आठवडाभर पोटात दाबून ठेवलेला आकडा दाखवला. त्रेचाळीस पाचशे.

मग काय विचारता! एका आठवड्यात एक किलोहून जास्त वजन घटलं तर गोळी तिथल्या तिथं बंद करायची आणि नैतिकता समितीला कळवायचं, असा नियम होता. ही समिती म्हणजे अभ्यासात घेतलेल्या माणसांना कुणी त्रास देत नाही ना, हे बघणारी मंडळी. मावशींचं तर एक किलो आठशे ग्रॅम घटलं होतं, कागदावर. मॅडम धावत आल्या. होऊन जाईलचं धाबं दणाणलं. आणि त्यानं काय करावं? माझ्याकडे बोट दाखवलं.

"काटाच बिघडलाय, मॅडम. जुना आहे. कधीपासून म्हणतोय, फेकून द्या."

नाचता येईना, अंगण वाकडं! माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू. सिस्टरनी ती वही उघडून टेबलावर ठेवली. त्या रजेवर असताना वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेनं रोज सकाळी येऊन वजन ठेवून सही केली होती. एकही दिवस चुकला नव्हता. गेल्या सोमवारी वीस, आज वीस.

दुसऱ्या दिवशी समितीकडून एक बाई आल्या. समितीत एक तरी माणूस डॉक्टरकीच्या बाहेरचा लागतो, तशा या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या. खोलीत आल्या, कुणाला नमस्कार करायच्या आधी माझ्यासमोर बसल्या, माझं बाजूचं चाक फिरवून शून्य बघितलं आणि म्हणाल्या, "छान ठेवलाय काटा." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं. मी तिथंच त्यांचा झालो.

"तीस वर्षं पार्सलं तोललीत मी," पोस्टाच्या बाई म्हणाल्या. "लोक पार्सलात काय काय लपवतात ते मला सांगू नका. मावशी, गेल्या सोमवारी जशा उभ्या राहिलात, तशाच उभ्या राहा बरं."

मावशींनी चपला घातल्या, डगला घातला, किल्ल्या खिशात टाकल्या. दोन पेले पाणीही त्यांनी न सांगता पिऊन टाकलं. सरळ बाई होत्या, त्यांना वाटलं तेही औषधातलंच. मी दाखवलं, पंचेचाळीस तीनशे. मग बाईंनी नुसता जुडगा माझ्यावर टाकला. नऊशे ग्रॅम. चपला आणि डगला टाकला, पाचशे. होऊन जाईल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

बाईंनी मावशींसाठी खुर्ची ओढली.

"मावशी, गोळी घेऊन काही त्रास झाला का?"

मावशींनी आधी साहेबांकडे बघितलं. "थोडं गरगरलं."

"सांगितलं का नाही?"

"त्यांचं काम अडलं असतं."

"आणि सही करायच्या वेळी 'नाही' का म्हणाला नाहीत?"

मावशी हसल्या, कसनुसं. "बाई, रोज त्यांच्या टेबलाखालून केर काढते मी. त्यांना नाही कसं म्हणायचं?" मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "मला कामावरून काढणार का आता?"

मॅडम त्यांच्याजवळ आल्या. "मावशी, तुमची नोकरी कुठंही जात नाही. चूक आमची आहे. मीच दिवसभर चाळीस चाळीस करत राहिले." आणि होऊन जाईल, जो कधी दुसरं काही बोलायचा नाही, त्याच्या तोंडून शेवटी निघालं, "मावशी, चुकलं माझं. तुम्ही जिन्यात पडला असतात." त्याचे डोळे भरले होते. माझा राग तिथं निम्मा उतरला. निम्मा मी त्या टिचकीसाठी राखून ठेवला.

मावशींची गोळी बंद झाली, चार दिवसांत गरगरणंही थांबलं. अभ्यास एकोणचाळीसवर बंद झाला आणि आकाश काही कोसळलं नाही. होऊन जाईलला शिक्षा मिळाली, सहा महिने प्रत्येक नव्या माणसाला सातही पानं मोठ्यानं वाचून दाखवायची. घसा बसला गड्याचा. आणि पोस्टाच्या बाईंनी जाता जाता एक रीत घालून दिली, जी तिथं अजून चालते. सही करायच्या आधी प्रत्येकानं एकदा मोठ्यानं 'नाही' म्हणून दाखवायचं. सरावासाठी. नंतर मग हो म्हणा की आणखी काही. आणि कागद घरी न्यायचा, विचार करायचा, तीन दिवसांनी सांगायचं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. बघायला हवं होतं तुम्ही! एक ट्रक चालवणारा पहिलवान आला होता, एकशेचार किलो, माझी स्प्रिंग कण्हत होती. तो इतक्या बारीक आवाजात 'नाही' म्हणाला की सिस्टरना दोनदा विचारावं लागलं. एक आजोबा 'नाही' म्हणाले आणि त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. मावशींना अभ्यासात जायचं नव्हतं, तरी बाईंनी त्यांच्याकडूनही करून घेतलं. पहिल्या खेपेला मावशी म्हणाल्या, "नाही... म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं." सगळे हसले, मावशीसुद्धा. पुढं त्या एकट्याच असताना काच पुसता पुसता माझ्यावर सराव करायच्या. "नाही. नाही हो. नाही म्हटलं ना!" मग एकदा होऊन जाईल म्हणाला, "मावशी, रविवारी जरा येऊन जाल का, सामान हलवायचंय." मावशी म्हणाल्या, "नाही साहेब, रविवारी माझी सुट्टी असते." तो म्हणाला, "बरं." बस्स, एवढंच. मावशी जिन्यातून उतरताना त्या दिवशी किल्ल्या जरा जास्तच वाजल्या.

नंतर नवा काटा आला. सपाट काचेचा, विजेवर चालणारा, लाल आकडे दाखवणारा. गंमत म्हणजे त्यालाही रोज सकाळी वीस किलोची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा मी खूश. मला जिन्याखालच्या कोठीत, झाडूंच्या शेजारी ठेवलं. दोन वर्षं तिथंच होतो. मावशी झाडू घ्यायला आल्या की काचेवरून फडकं फिरवायच्या. मग मावशींच्याच निवृत्तीची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात कोठी रिकामी करायचं ठरलं. होऊन जाईल मला पायानं बाजूला सारत म्हणाला, "मावशी, हा तुम्हीच घेऊन जा घरी. नाहीतर भंगारात जाईल."

मला वाटलं, आता मावशी लगेच हो म्हणतील. इतक्या वर्षांची ओळख! पण मावशींनी हात डगल्याला पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "विचार करते. घरी जाऊबाईंना विचारते. तीन दिवसांनी सांगते."

तीन दिवस! त्या तीन दिवसांत माझी काय अवस्था झाली, ते मी आणि शेजारचे झाडू जाणोत. ज्या रिवाजाचं एवढं कौतुक करत होतो, तो माझ्यावरच उलटला. पहिल्या दिवशी रागावलो. दुसऱ्या दिवशी घाबरलो. भंगारवाल्याचा हातगाडा फाटकात आला होता, मला त्याच्या चाकांचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी वाटलं, नाही म्हणाल्या तरी हरकत नाही. मनापासून नाही म्हणाल्या, एवढं मला पुरे.

संध्याकाळी किल्ल्या वाजल्या नाहीत, त्या मावशींनी परत केल्या होत्या. म्हणून त्या आल्याचं कळलंच नाही. कोठीचं दार उघडलं, मावशी अडखळत उंबऱ्यातच खाली बसल्या आणि हात लांबवून त्यांनी माझी काच पुसली.

"जाऊबाई हो म्हणाली," त्या म्हणाल्या. "मी पण हो म्हणते. खिडकीपाशी जागा आहे, उजेड आहे. पण माझी जाऊ रोज चढेल आणि रोज तुला खोटा म्हणेल, हे आत्ताच सांगून ठेवते. पटत असेल तर ये. नाही म्हणायचं असेल तरी सांग, मला राग येणार नाही."

कारखान्यात मला कुणी विचारलं नव्हतं. व्यायामशाळेत नाही, केंद्रात नाही. माझ्यावर उभ्या राहिलेल्या हजारो माणसांत एकानंही 'येतोस का' असं विचारलं नव्हतं. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. घाई केली नाही. उत्तराची वाट बघत होत्या, खरोखर.

मी आयुष्यात पहिल्यांदा अंगावर काहीही नसताना काटा हलवला. अगदी थोडा.

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि चपला बाहेर काढून मला उचलायला आत आल्या.